दप्तर कुणाच्या घरी आहे?

(पत्र थोडं आखडून छापतो आहोत. गाव, सजा म्हणजे तलाठ्याचं कार्यक्षेत्र, आणि तालुका मुद्दाम गाळले आहेत.)

"काका, मी 27 वर्षांची. दीड वर्षापूर्वी तलाठी म्हणून रुजू झाले. कागदावर आता 'ग्राम महसूल अधिकारी', गावात अजून 'तलाठी मॅडम'. कोल्हापूर जिल्ह्यातलाच सजा मिळाला. माझ्या आधीच्या तलाठ्यांनी एक खासगी माणूस ठेवला होता. गाव त्याला 'झिरो' म्हणतं. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी, वारसनोंद, उतारे, सगळं त्याच्याकडून व्हायचं. जुनं दप्तर, म्हणजे सजाच्या सगळ्या नोंदवह्या आणि कागद, तेही त्याच्या घरी. मी आले तेव्हा जो तो सांगायला लागला, याला धरून राहा, काम हलकं होईल. मी त्याला माझ्या डिजिटल सहीचा डोंगल दिला नाही. तेव्हापासून माझ्यावर अर्ज सुरू झाले. मॅडम भेटत नाहीत, नोंदी अडवून ठेवतात. सर्कलसाहेब (मंडळ अधिकारी) म्हणतात, जुळवून घ्या.

मध्यंतरी आजीच्या ट्रंकेत पणजोबांची वही सापडली. ते शाहू महाराजांच्या काळात तलाठी झाले. आमच्या घरातला शाळा शिकलेला पहिला माणूस, बोर्डिंगात राहून शिकलेला. वही मोडी लिपीत आहे. घरचे म्हणतात, तो काळ बघ, माणसं सुधारणेसाठी नोकरी करायची, आणि तू एका झिरोला घाबरतेस? इकडे भावाच्या ओळखीनं पुण्यात एका कंपनीत काम मिळतंय. राज्यसेवेचा आणखी एक प्रयत्न करायचंही मनात आहे. सोडून गेले तर मी पळपुटी ठरेन का? आणि त्या काळी नोकरीत राहून खरंच काही बदलता यायचं, की हे आपलं नंतर सांगायचं? वहीच्या एका पानाचा फोटो पाठवते. डायरी असावी."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो भिंग लावून चारदा बघितला. फोटोचं मागाहून बोलू. आधी तुमच्या घरच्यांचं.

'तो काळच वेगळा होता' हे वाक्य मी 34 वर्षांच्या महसुली नोकरीत इतक्या निरोपसमारंभांत ऐकलंय, की शाल-नारळाबरोबर ते फुकट मिळतं असं मला वाटायला लागलं होतं. काळ वेगळा होता हे खरं. पण माणसं सुधारणेसाठी नोकरी करायची, हे मला कुठल्या कागदात दिसलेलं नाही. माणसं पोटासाठीच नोकरी करायची. तुमचे पणजोबाही त्याचसाठी गेले असणार, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तेव्हा कचेरीत शिरायचा रस्ता म्हणजे उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते नाहीतर हॉलतिकीट. तेव्हाचा उमेदवार म्हणजे कारकुनाच्या शेजारी बिनपगारी बसणारा पोरगा. पत्रांच्या नकला करायच्या, दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, सोडायचे, पुन्हा बांधायचे, आणि एखादी जागा रिकामी होते का याची वाट बघायची. असं बिनपगारी बसणं परवडायचं कुणाला? ज्याचा मामा आत आहे आणि ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण आहे त्याला. दार मुद्दाम लावणारे होतेच. पण कुणी न लावताही ते दार बंदच राहायचं. (मोठ्या साहेबांची गोष्ट तर आणखी न्यारी. आयसीएसची परीक्षा लंडनला. ती हिंदुस्थानात देता यायला 1922 उजाडावं लागलं.)

1894 साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूर दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या 500 जागांत ब्राह्मणेतर जेमतेम 10. हे आकडे वाचून लोक आजही एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्यांच्या जमिनींचे, पाण्याचे, वारसांचे कागद लिहिले जात होते आणि जे ते कागद लिहीत होते, ही दोन जगं होती. कागदात काय लिहिलंय हे पहिल्या जगाला दुसरं जग सांगेल तेवढंच कळायचं. तुमच्या झिरोचं दुकान याच भांडवलावर चालतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग 26 जुलै 1902 चा जाहीरनामा. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते आणि इकडे करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकीचे सगळे मागासलेले. इथवर सगळ्यांना पाठ असतं, जयंतीला भाषणं इथवरच येतात आणि थांबतात. पुढचं एक कलम मात्र कुणी भाषणात घेत नाही, कारण त्याला टाळी पडत नाही. ते असं, की हुकुमानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं सरकारात पाठवायचं.

तिमाही पत्रक! मी आयुष्यभर जो कागद भरताना कुरकुरलो, तोच. पण विचार करा. 50 टक्क्यांचा हुकूम ऐकून कुठल्याही खातेप्रमुखानं मान डोलावली असती आणि पुढच्या महिन्यात भाच्याला चिकटवला असता. 'लायक माणूस मिळाला नाही' हे वाक्य काय आज जन्माला आलंय? आता तीन महिन्यांनी आपल्याच सहीनं लिहून द्यायचं होतं, जागा किती सुटल्या आणि त्यावर कोण बसलं. हुकूम एकदा निघतो आणि विसरला जातो. पत्रक वर्षातून चार वेळा दारात येऊन उभं राहतं.

'लायक माणूस नाही' या वाक्याची तजवीज महाराजांनी आधीच करून ठेवली होती. भास्करराव जाधवांसारखा हुशार पदवीधर सापडल्यावर त्यांना 1895 साली असिस्टंट सरसुभे, म्हणजे महसूल खात्यातले वरचे अधिकारी, केलं. पण एक भास्करराव म्हणजे अख्खं खातं नव्हे. म्हणून 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग एकेका समाजाची बोर्डिंगं, आणि 1917 साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. तुमचे पणजोबा या रांगेतून आले. खेड्यातून आलेलं पोर, कोल्हापुरात बोर्डिंगात राहणार, वर्ष-दोन वर्षांनी घरी कागदातला मजकूर वाचून दाखवणार. ही व्यवस्था नसती तर त्यांची कर्तबगारी शेतातच राहिली असती. म्हणून त्यांचा दाखला देऊन तुम्हाला हिणवणाऱ्यांना एवढंच विचारा, पणजोबांच्या पाठीशी एवढं सगळं होतं, माझ्या पाठीशी कोण आहे? सर्कल?

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो, कारण तेच पणजोबांच्या नोकरीचंही मूळ आहे.

गावचं दप्तर पूर्वी कुलकर्ण्याकडे असे. कुलकर्णीपण हे वतन. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. जमिनीसारखं, घरासारखं. त्यामुळे दप्तरही घरचंच. वाड्याच्या माडीवर फडताळात रुमालांत बांधलेलं. कुणाच्या जमिनीची हद्द कुठे, कुणाचा सारा किती थकला, कुणाच्या आज्यानं काय लिहून दिलं, हे विचारायला वाड्याची पायरी चढावी लागे, आणि पायरीवर किती वेळ बसायचं ते वाडा ठरवे. काहींना तर पायरीही चढता येत नव्हती, ते अंगणाबाहेरच उभे.

1918 साली महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतनं खालसा केली आणि पगारी तलाठी नेमले. त्या जागांवर मराठा आले, इतर ब्राह्मणेतर आले, अस्पृश्य मानलेल्या समाजातली माणसंही तलाठी झाली. मोठा गहजब झाला. ज्यांचं वतन गेलं त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपलं म्हटलं ते एका हुकुमानं गेलं, आणि त्यांच्यात सचोटीनं दप्तर राखणारेही होते. पण कुलकर्णी वाईट म्हणून वतन काढलं असं मानलं की मग चांगला कुलकर्णी दाखवून वाद घालता येतो, आणि तसा वाद घातलाही गेला. गोची दप्तर घरात असण्याची होती. घरात असलेल्या कागदाला सरकारी कोण म्हणणार?

पगारी तलाठ्याची बदली होते. तो आजारी पडतो, निवृत्त होतो, मरतो, आणि दप्तर जागेवर राहतं. सुधारणा म्हणायची ती एवढीच. रुमाल माडीवरून चावडीत आले.

आणि ताई, शंभर वर्षांनी तुमच्या सजात ते चावडीतून उठून पुन्हा एका घरात जाऊन बसलेत. त्या घराला वतनाची सनद नाही, पगार नाही, सरकारदरबारी त्याचं नावसुद्धा नाही. पण तलाठी बदलतात आणि तो राहतो. तीन वर्षांनी नवा माणूस येतो, त्याला गाव ठाऊक नसतं, तो याच्याच दारात जातो. वतन म्हणजे दुसरं काय असतं?

यात आमच्या पिढीचा हात आहे, हेही कबूल करून टाकतो. 1987 ची गोष्ट. मी एका तालुक्यात मंडळ अधिकारी होतो. एका सजातला तलाठी नोंदी मंजुरीला घेऊन आला. त्यात 6-क ची एक वारसनोंद होती. खातेदार मयत, मागे चार मुलगे. मी सहज विचारलं, मुलगी नाही का? तो म्हणाला, आहे, पण दिलेल्या घरी सुखी आहे, तिनं हक्क सोडलाय. कागद? कागद लेखनिकाकडे आहे. तेव्हा झिरो हा शब्द नव्हता, लेखनिक म्हणायचे. मूळ नोंदवहीही त्याच्याच घरी. नंतर एकदा मी तिथे गेलो तेव्हा ती मला दिसली, स्वयंपाकघराच्या फळीवर, वर पिठाचा डबा, पुठ्ठ्याला पिठाचे पांढरे ठसे. कागद कुठला असायला. मी सही केली होती. पुढे ती बाई बाजारच्या सोमवारी तीनदा माझ्याकडे आली. चौथ्या सोमवारी आली नाही. ती का आली नाही, याची चौकशी मी केली नाही.

तेव्हा डोंगल दिला नाही म्हणून तुम्हाला कुणी ताठ म्हणत असेल तर म्हणू द्या. ती किल्ली आहे. 1987 साली माझ्याकडे फक्त पेन होतं आणि तेसुद्धा मी दुसऱ्याच्या भरवशावर चालवलं.

आता सोडून जाण्याचं. पळपुटी हा शब्द तुमचा की घरच्यांचा ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरच्यांचा असावा. त्यांना बडोद्याची आठवण द्या.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकले. शिक्षणानंतर 10 वर्षं बडोदे सरकारची नोकरी करायची, असा लेखी करार होता. त्याप्रमाणे 1917 साली ते बडोद्यात रुजू झाले. वर बसलेला राजा कसा, तर 1906 साली संस्थानभर सक्तीचं शिक्षण करणारा. आणि कचेरीत शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकत. शहरात राहायला जागा मिळेना, तेव्हा नाव बदलून एका पारशी खाणावळीत उतरावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव जिन्यावरून वर आला आणि खोली सोडायला लावली. रात्रीच्या गाडीपर्यंत वेळ काढायला ते कमाठी बागेत जाऊन बसले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ती नोकरी त्यांनी सोडली. त्यांना कोण पळपुटं म्हणेल? वर्षभरानं 1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि तेही सरकारीच कॉलेज. म्हणजे सरकारी नोकरी नको, असंही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. एका जागी माणसाला उभं राहता येईना, तो दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

बडोद्याचा राजा सुधारक होता, मग अडलं कुठे? शिपायाच्या हातात. हुकूम सुटतो राजवाड्यातून आणि अडतो टेबलाच्या कडेशी. कोल्हापुरात 1919 साली महाराजांनी नेमकी हीच कड धरली. सरकारी खात्यांत अस्पृश्यांना समतेनं वागवलं गेलं पाहिजे, ज्या अधिकाऱ्याला ते जमणार नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. शेवटचे शब्द पाहा. धर्म, नीती, माणुसकी यांवर व्याख्यान देता आलं असतं. महाराजांना आपली माणसं ठाऊक होती, त्यांनी पेन्शनला हात घातला. पेन्शन घेणारा मी सांगतो, यापेक्षा स्पष्ट मराठीत बोलताच येत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, नोकरीत राहून काही बदलता यायचं का याला, माझं उत्तर असं आहे. पत्रक मागणारा कुणीतरी वर असेल तर यायचं. नसेल तर तेवढंच, जेवढं आपल्या टेबलावर आहे. तुमच्या टेबलावर एक सजा आहे. तो कमी नाही.

त्या टेबलापुरतं काय करायचं ते सांगतो.

रुजू होताना तुम्ही चार्ज यादीवर सही केली असेल, आणि रुमाल मोजले नसतील. लाजू नका, कुणीच मोजत नाही. आता मोजा. गाव नमुना 1 पासून सगळ्या नोंदवह्या, कुठलं साल आहे, कुठलं नाही. मग तहसीलदारांना एक पत्र लिहा. त्यात झिरोचं नाव नको, 'भ्रष्टाचार' हा शब्द नको, दुखावल्याचा सूर तर मुळीच नको. एवढंच, की सोबतच्या यादीतील दप्तर सजा कार्यालयात उपलब्ध नाही, मंडळ अधिकाऱ्यांसमक्ष पंचनामा करून ते ताब्यात घेण्याची परवानगी मिळावी. प्रत प्रांतसाहेबांना. जावक क्रमांक टाका आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक नोंदणारा, माणूस जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत बसा. 'जुळवून घ्या' हे तोंडी सांगता येतं, पण जावक क्रमांक पडलेल्या पत्राला 'जुळवून घ्या' असं लेखी उत्तर कुठला अधिकारी देतो ते मला बघायचंय.

मग चावडीची भिंत. फेरफार धरला की त्याची प्रत चावडीत लावायची आणि संबंधितांना नोटीस द्यायची, हे जमीन महसूल संहितेच्या कलम 150 मध्ये आहेच. तुम्ही त्यापुढे एक पाऊल टाका. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक साधा कागद लावा. प्रलंबित नोंद क्रमांक, अर्ज कधी आला, कशासाठी थांबली आहे. हरकत आली, कागद अपुरे, मंडळ अधिकाऱ्यांकडे मंजुरीला. शेवटच्या रकान्यावर सर्कलसाहेब थोडे नाराज होतील, होऊ द्या. खाली तुमच्या गावात बसायच्या वारांची आणि वेळांची ओळ. 'मॅडम भेटत नाहीत, नोंदी अडवतात' या अर्जाला मग वेगळा खुलासा लिहावा लागत नाही, भिंतीचा फोटो जोडायचा. हे तुमचं तिमाही पत्रक, फक्त वर पाठवायच्या ऐवजी गावाला पाठवलेलं.

वादाची नोंद आली तर ती 6-अ ला, म्हणजे वादाच्या प्रकरणांच्या नोंदवहीत, घ्या आणि रीतसर वर जाऊ द्या. कट्ट्यावर बसून मिटवायला जाऊ नका. आणि वारसनोंदीत बहिणींची नावं विचारा. दोनदा विचारा. माझ्यासाठी एकदा जास्त विचारलंत तरी चालेल.

झिरोशी भांडू मात्र नका. तो माणूस कोण आहे? बहुतेक बीए झालेला, भरतीच्या तीन-चार परीक्षा दिलेला, घरी दीड एकर असलेला कुणीतरी. तुमची यादी लागली तेव्हा त्याचं नाव कदाचित थोडक्यात हुकलं असेल. जुना उमेदवारच तो, बिनपगारी बसलेला, फक्त याची जागा कधीच सुटणार नाही. कुठल्या भावाचं कुठल्या भावाशी बोलणं नाही, कोणत्या गटात विहीर अर्धी कुणाची, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. विचारा त्याला, उजेडात, चावडीत, चार लोकांसमोर. गावातल्या कुठल्याही माहीतगार माणसाला विचारावं तसं. माहिती त्याची, दप्तर सरकारचं, डोंगल तुमचा.

बदलीची भीती घालतील. सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, हे 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात लिहिलंय, आणि मुदतीआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. लेखी म्हटलं की निम्मी भीती तिथेच गळते. उरलेली निम्मी खरी असते, तिच्यासाठी घरचं कुणीतरी बरोबर असू द्या. संध्याकाळी उशिरा एकटीनं पंचनाम्याला जाऊ नका, कोतवालाला घेऊन जा.

पुण्याची नोकरी चांगली असेल तर जरूर बघा. पगार, काम, राहण्याची सोय, जशी कुठलीही नोकरी बघतो तशी बघा. झिरोपासून सुटका हे तिच्या बाजूनं मांडायचं कारण नव्हे, आणि पणजोबा हे तिच्या विरोधातलं कारण नव्हे. राज्यसेवाही द्या, मन असेल तर. फक्त वर गेलं की हा त्रास संपतो या समजुतीनं देऊ नका. मी नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. जसजसं वर जावं तसतशी शून्यं वाढतात एवढाच माझा अनुभव. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, कुणी अंगावर आलं, तर यातलं काहीही बघत बसू नका, सरळ निघा. निघताना मात्र चार्ज यादी करून, मोजून, तुमच्यामागून येणाऱ्याच्या हातात द्या.

आता तुमचा फोटो.

मोडी मला बऱ्यापैकी लागते. अभिलेख कक्षात तीन वर्षं काढली, तेव्हा गरजेपोटी शिकलो. तुम्हीही शिका. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होत असतात, आणि संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. पूर्ण वही वाचायची तर हाच मार्ग. मी एका पानाबद्दल सांगू शकतो, आणि ती डायरी नाही.

वर सन 1919 आहे. खाली गावाचं नाव, ते इथे लिहीत नाही. त्याखाली 'यादी दप्तर'. कुलकर्ण्यांच्या वाड्यातून ताब्यात घेतलेलं. रुमाल 14. लाकडी पेटी 1, कुलूप नाही. दौत 1, मोडकी. मग प्रत्येक रुमालात काय आहे, सालवार. नवव्या रुमालापुढे लिहिलंय, पाने दोन फाटकी, तशीच घेतली. अक्षर लहान आहे, घाईचं नाही. चौदाच्या चौदा मोजलेले दिसतात. बाजूला पाटलाची निशाणी नांगर.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे. 'देणार' एवढं वाचता येतं, म्हणजे कुलकर्ण्यांची सही असावी, आणि पुढे चार-पाच शब्द आहेत. तिथे तुमचा अंगठा आलाय. दिवसाउजेडी, खिडकीजवळ धरून, अंगठा बाजूला घेऊन पुन्हा एक फोटो पाठवा.